दागिने आणि चेहरेपट्टी

चेहऱ्याची ठेवण पाहून दागिन्यांचा आकार, लांबी व जागा ठरविण्याची पद्धत. तिचा आधार दृष्टिभ्रम : उभी रेषा लांबीचा, आडवी रुंदीचा आभास निर्माण करते. म्हणूनच लांबट चेहऱ्याला गळ्यालगतची ठुशी आणि पाळीवर बसणारी मोत्यांची कुडी शोभते. गोल चेहऱ्याला लोंबते डूल व छातीपर्यंत येणारी मोहनमाळ. चौकोनी जबडा वाटोळ्या रिंगांनी सौम्य दिसतो. मात्र रिंग नेमकी जबड्याच्या रेषेवर संपू नये, नाहीतर नजर तेथेच अडते. निमुळत्या हनुवटीला खाली रुंदावणारे झुबे.

नथीचे गणित वेगळे. ती चेहऱ्याच्या मध्यावर, बहुधा डाव्या नाकपुडीत असते. त्यामुळे घडणीपेक्षा माप महत्त्वाचे. नाजूक जिवणीवर टपोऱ्या मोत्यांची नथ ओठच झाकते. अशा आडाख्यांत मानेचा विचार सहसा सुटतो, तो सुटू नये : मान आखूड असेल तर रुंद चिंचपेटी कोणत्याच चेहऱ्याला खुलत नाही. लग्नातले दागिने बरेचदा घरच्या वारशातून येतात, तेथे निवडीला फारसा वाव नसतो. चष्म्याची चौकटही दागिन्यातच धरावी. ती जाड असल्यास कानांत मोठे झुबे घातल्याने चेहऱ्याभोवती गर्दी होते.