वनस्पतीतून औषध काढताना द्रावक का महत्त्वाचा? आर्टेमिसिनिनची गोष्ट

फोडणीत हळद टाकली की तेल लगेच पिवळं होतं. पाण्यात मात्र हळद तळाशी बसते, कारण तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. वनस्पतीतून एखादा घटक वेगळा काढताना प्रयोगशाळेतही पहिला प्रश्न हाच असतो : तो कशात विरघळतो? ज्या द्रवात तो विरघळतो त्याला द्रावक किंवा सॉल्व्हंट म्हणतात.

द्रावक बदलला आणि औषध सापडलं

मलेरियावर औषध शोधण्यासाठी चीनने १९६७ मध्ये ‘प्रकल्प ५२३’ सुरू केला. त्यात काम करणाऱ्या तू यूयू यांना ‘छिंगहाओ’ या वनस्पतीच्या अर्काचा परिणाम कधी दिसे, कधी नाही. चौथ्या शतकातल्या क हुंग यांच्या ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं होतं. उकळण्याचा उल्लेख नव्हता. म्हणजे उष्णतेने औषधी घटक नष्ट होत असावा, असं तू यांना वाटलं.

त्यांनी ईथर वापरलं. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, इथेनॉल ७८ अंशांना, तर ईथर सुमारे ३५ अंशांनाच. त्यामुळे अर्क फारसा न तापवता ईथर उडवून लावता येतं. शिवाय आर्टेमिसिनिन पाण्यात फारच कमी विरघळतं, ईथरमध्ये चांगलं. अर्कातला विषारी आम्लधर्मी भागही त्यांनी वेगळा काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांच्या मलेरियावर १०० टक्के परिणामकारक ठरला. २०१५ मध्ये तू यांना नोबेल मिळालं.

द्रावक निवडताना काय पाहतात?

• विद्राव्यता : साखरेसारखे ध्रुवीय पदार्थ पाण्यात उतरतात, तेलकट, अध्रुवीय पदार्थ हेक्झेनसारख्या द्रावकात.
• उत्कलनबिंदू : जितका कमी, तितका द्रावक काढून टाकणं सोपं.
• धोका : ईथर चटकन पेट घेतं आणि साठवणीत त्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होऊ शकतात.
• अवशेष : औषधात द्रावक किती उरला हे तपासावं लागतं. हेक्झेनसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा दहा लाखांत २९० भाग आहे.

मग घरी काढा करून चालेल का?

नाही. मलेरियावर या वनस्पतीचा चहा किंवा काढा घेण्याला जागतिक आरोग्य संघटनेचा पाठिंबा नाही. त्यात औषध किती उतरलं हे कळत नाही, आणि अपुऱ्या मात्रेतून वाचलेले परजीवी औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. ताप आल्यास रक्त तपासा आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा.