१९३४ चा बिहार भूकंप आणि भूमीची साक्ष

भूकंपांचा इतिहास लिहिताना नासधुशीच्या नोंदी हेच बहुधा मुख्य साधन असते. आणि जेथे विध्वंस सर्वाधिक, तेथेच भूकंपाचा उगम, असे अनुमान सहज केले जाते. हे अनुमान कितपत ग्राह्य आहे, ह्याची कसोटी १५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपाच्या अभ्यासात लागली.

ह्या भूकंपात दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. डन, ऑडन, घोष, रॉय व वाडिया यांनी केलेले त्याचे सविस्तर विवेचन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९३९ मध्ये प्रसिद्ध केले. सीतामढी-मधुबनीपासून पूर्णियाकडे गेलेला सुमारे ३०० किलोमीटर लांबीचा ‘खचपट्टा’ त्यात वेगळा दाखविला आहे. तेथे भूमी दुभंगून वाळूमिश्रित पाणी उसळले, विहिरी वाळूने भरल्या, शेते वाळूखाली गेली. घरे कलली व जमिनीत रुतली. मुंगेरात मात्र घरे हादऱ्यांनीच कोसळली. विध्वंस उभयत्र झाला. त्याचा प्रकार मात्र भिन्न होता.

ह्या भेदाचे कारण मृत्तिकेच्या स्वरूपात आहे. सैल, बारीक व जलसंपृक्त वाळूचे कण हादऱ्यांनी एकमेकांजवळ सरकू पाहतात. मधले पाणी तितक्या त्वरेने निघून जाऊ शकत नाही. त्याचा दाब वाढतो, कणांचा परस्परांवरील भार नाहीसा होतो आणि वाळू द्रवाप्रमाणे वागू लागते. ह्यालाच द्रवीभवन म्हणतात. भरड खडीतून पाण्याचा निचरा सामान्यतः लवकर होतो; चिकणमातीचे कण आसंजनाने बांधलेले असतात; घट्ट बसलेली वाळू सहजासहजी आणखी दाबली जात नाही. म्हणून ह्या मृत्तिका त्याच हादऱ्याला निराळा प्रतिसाद देतात. १६ जून १९६४ च्या निइगाता भूकंपात जपानमधील ह्या शहरातील बहुमजली इमारती फारशा न मोडता सबंधच्या सबंध कलल्या, आणि तेव्हापासून ह्या घटनेच्या प्रयोगशालेय अभ्यासास विशेष चालना मिळाली.

बिहारच्या खचपट्ट्यातील विलक्षण उलथापालथीमुळे भूकंपाचा उगम त्याच मैदानाखाली असावा, असे प्रथम मानले गेले. परंतु १९७७ मध्ये चेन व मोल्नार यांनी भूकंपलेखांच्या फेरतपासणीवरून अपिकेंद्र पूर्व नेपाळात, एव्हरेस्टच्या दक्षिणेस ठरविले. हिमालयाच्या पायथ्याशी नेपाळात १९३४ चा प्रस्तरभंग भूपृष्ठापर्यंत आल्याचे पुरावेही २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. खचपट्टा उगमाची नव्हे, तर गंगेच्या खोऱ्यातील गाळाची साक्ष देत होता.

ह्यावरून इतिहासाभ्यासकाने एक विवेक बाळगणे अवश्य ठरते. वाळूची कारंजी, रुतलेली घरे, खचलेले बांध ह्यांच्या नोंदी तीव्र हादऱ्याचे प्रमाण आहेत खऱ्या. परंतु त्या मुख्यतः स्थानिक भूमीचे वर्णन करतात. ढासळलेल्या भिंतींच्या नोंदींपासून त्या वेगळ्या काढल्या, तरच जुन्या भूकंपाचे स्थान व सामर्थ्य ह्यांविषयीचे आपले निष्कर्ष विश्वसनीय ठरतील. एरवी जेथे केवळ वाळू सैल होती, तेथे आपण भूकंपाचा उगम शोधीत बसू. आणि खऱ्या उगमाजवळील प्रदेश निर्धोक समजला जाईल.