ग्रॅम्ब्लिंगची पोरं

आपल्याकडे कॉलेज चांगलं की फालतू हे ओळखायची सोपी कसोटी आहे. कॅम्पसला कोणत्या कंपन्या येतात ते विचारायचं! पण जिथे कोणी फिरकतच नाही, तिथल्या हुशार पोराने काय करायचं? या प्रश्नाचं एक जबरदस्त उत्तर अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात सापडतं.

फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकन. तिथे व्यावसायिक टीम दरवर्षी कॉलेजच्या खेळाडूंमधून नंबर लावून निवड करतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. आयपीएलच्या लिलावासारखंच, फक्त बोली नसते. एनएफएल या मुख्य लीगमध्ये 1934 ते 1945 या काळात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या कॉलेजांची दारंही त्यांना बंद होती.

अशा वेळी, 1941 साली, ग्रॅम्ब्लिंग नावाच्या खेड्यातल्या कृष्णवर्णीयांच्या छोट्या कॉलेजात एडी रॉबिन्सन कोच म्हणून आला. वय वर्षं 22. मैदानाचं गवत कापणं, पट्टे आखणं, पोरांचे घोटे बांधणं, सगळं हाच करायचा. बाहेरगावी मॅच असली की सँडविच बरोबर न्यायची, कारण वाटेतल्या हॉटेलात पोरांना बसू देत नसत. दुसऱ्याच वर्षी टीमने नऊच्या नऊ मॅच जिंकल्या, तेही समोरच्यांना एकही पॉइंट न देता!

1949 मध्ये त्याचा टँक यंगर ड्राफ्टमध्ये निवडला न जाताच लॉस एंजेलिस रॅम्समध्ये गेला. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून एनएफएलमध्ये पोचलेला हा पहिला खेळाडू. तो फसला असता तर पुढच्या सगळ्यांची वाट लागली असती. तो दहा सीझन टिकला.

1960 साली एएफएल ही प्रतिस्पर्धी लीग निघाली. नव्या टीमना खेळाडू हवे होते, मग त्यांनी जुन्या लोकांनी न पाहिलेल्या जागी शोध घेतला. 1963 च्या एएफएल ड्राफ्टमध्ये सगळ्यात पहिला नंबर लागला ग्रॅम्ब्लिंगच्या बक ब्यूकॅननचा. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याचा सहकारी विली ब्राऊन याला कोणीच निवडलं नाही. पुढे दोघंही हॉल ऑफ फेममध्ये गेले. निवडणाऱ्यांची नजर किती धड होती, ते बघा.

एक दार मात्र घट्ट बंद होतं: क्वार्टरबॅक. हा टीमचा मेंदू. कृष्णवर्णीय माणूस पळेल, धडक देईल, पण डोकं चालवणार नाही, अशी समजूत. रॉबिन्सनने मुद्दाम त्याच जागेसाठी पोरं घडवली. 1969 मध्ये जेम्स हॅरिस बफेलोकडून सीझनच्या पहिल्याच मॅचला क्वार्टरबॅक म्हणून उतरला. आणि 31 जानेवारी 1988 ला सुपर बोलमध्ये डग विल्यम्सने एकाच क्वार्टरमध्ये चार टचडाऊन पास फेकले. वॉशिंग्टन 42, डेन्व्हर 10. विषय संपला.

आता खरी बोच. 1970 च्या आसपास दक्षिणेतल्या मोठ्या कॉलेजांनी कृष्णवर्णीय मुलं घ्यायला सुरुवात केली. त्यांच्याकडे पैसा, टीव्ही, भली मोठी स्टेडियम्स. साहजिकच गुणी पोरं तिकडे गेली. 2021 च्या ड्राफ्टमध्ये तर कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांमधून एकाचीही निवड झाली नाही. ज्या समानतेसाठी ग्रॅम्ब्लिंगची पोरं खेळली, तिनेच ग्रॅम्ब्लिंग रिकामं केलं.

मग रॉबिन्सन हरला का? मला नाही तसं वाटत. दार उघडण्यासाठी आयुष्य घालवलेल्या माणसाने, लोक त्यातून निघून गेले म्हणून का रडायचं? पण दार उघडल्यावर ते ढकलणाऱ्याचं घर ओस पडतं, हा हिशोब आपण सहसा मांडत नाही, एवढं खरं.

1997 मध्ये 408 विजयांनंतर रॉबिन्सन निवृत्त झाला. 1998 मध्ये त्याच्या जागी ग्रॅम्ब्लिंगला कोच म्हणून कोण आलं असेल? डग विल्यम्स!