सशस्त्र दलांतील छळाविरुद्धची तक्रार व्यवस्था

भारतीय सैन्यात व सशस्त्र पोलीस दलांत लैंगिक छळ, जातीय अवमान आणि वरिष्ठांकडून होणारी गैरवागणूक यांविरुद्ध दाद मागण्यासाठी असलेल्या वैधानिक व विभागीय तरतुदींना एकत्रितपणे तक्रार व्यवस्था म्हटले जाते. या दलांत आदेश वरून येतो आणि तक्रारही बहुधा त्याच साखळीतून वर जाते. म्हणून साखळीबाहेरचा मार्ग उपलब्ध असणे हा या व्यवस्थेतील कळीचा मुद्दा आहे.

सैन्यातील तरतुदी

सेना अधिनियम, १९५० च्या कलम २६ नुसार जवान आपल्या कंपनीच्या प्रमुखाकडे तक्रार करू शकतो; तक्रार त्या प्रमुखाविरुद्धच असल्यास ती त्याच्या वरिष्ठाकडे करता येते. कलम २७ अधिकाऱ्यांना लागू आहे. कनिष्ठास मारहाण करणे वा वाईट वागणूक देणे हा कलम ४७ खाली गुन्हा आहे.

लैंगिक छळ

सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात (१९९७) मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पुण्यातील कार्यकर्त्या मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेत न्यायालयाने तक्रार समितीचा अहवाल हा विभागीय चौकशीचाच अहवाल मानण्याचा आदेश २००४ साली दिला. त्यामुळे पीडितेला दुसऱ्यांदा चौकशीला सामोरे जावे लागत नाही. ९ डिसेंबर २०१३ पासून याविषयीचा केंद्रीय अधिनियम लागू झाला. त्यातील प्रमुख तरतुदी अशा :

* अंतर्गत समितीच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला कर्मचारी, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य आस्थापनेबाहेरील.
* तक्रारीची मुदत तीन महिने. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने.
* चौकशी ९० दिवसांत पूर्ण करणे बंधनकारक.
* तक्रार केवळ सिद्ध झाली नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही.

कामानिमित्त भेट दिलेले ठिकाण आणि नियोक्त्याने पुरविलेले वाहन यांचाही 'कामाच्या ठिकाणा'त समावेश होतो. हा अधिनियम केवळ महिलांना संरक्षण देतो.

जातीय अवमान व द्वेषदर्शक खुणा

द्वेषचिन्हांची स्वतंत्र यादी भारतीय कायद्यात नाही. मात्र शब्द, खुणा किंवा दृश्य चित्रणाद्वारे धर्म, जात वा भाषेच्या आधारे वैर वाढविणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ नुसार जातीवाचक शिवीगाळ लोकांच्या दृष्टीसमोर झालेली असावी लागते. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी उपस्थित नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हितेश वर्मा खटल्यात (२०२०) म्हटले. बराक किंवा बंद कार्यालयातील घटनांत त्यामुळे साक्षीदारांची उपस्थिती निर्णायक ठरते.

वडसा (देसाईगंज)

गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथे राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १३ आहे. हे राज्याचे पोलीस दल असल्याने त्यास सेना अधिनियम लागू नाही. शिस्तभंगाची कारवाई राज्याच्या पोलीसविषयक कायद्यांनुसार व नियमांनुसार होते. लैंगिक छळाचा केंद्रीय अधिनियम मात्र येथेही लागू आहे. राखीव बलाच्या तुकड्या बंदोबस्तासाठी मुख्यालयापासून दूर असतात. तेथील घटनाही त्याच्या कक्षेत येतात. तक्रार नियोक्त्याविरुद्ध, म्हणजे घटकप्रमुखाविरुद्ध असल्यास ती जिल्हास्तरीय स्थानिक समितीकडे करता येते. दलाच्या आदेशसाखळीबाहेरचा हा मार्ग आहे.

हे सुद्धा पहा

* राज्य राखीव पोलीस बल
* विशाखा मार्गदर्शक तत्त्वे
* गडचिरोली जिल्हा