वर्षावास आणि धुऱ्यावरचा तरोटा

आषाढी पौर्णिमेपासून आपल्या गावोगावच्या विहारांत वर्षावास सुरू होतो. दिवसभराचं निंदण आटोपून बाया जमतात, बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. पण भिक्खूंनी पावसाळाभर एका जागी राहायचं, हे आलं कुठून?

विनयपिटकात त्याची गोष्ट आहे. भिक्खू भर पावसात फिरत, हिरवं गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवत. लोकांनी नावं ठेवली. पाखरंसुद्धा पावसात घरटं करून बसतात, मग हे का भटकतात? तेव्हा बुद्धांनी तीन महिने एका ठिकाणी राहायला सांगितलं. म्हणजे नियम आला तो साध्या माणसांच्या तक्रारीतून. पाण्यात थुंकू नये, झाडझुडूप तोडू नये, हेही भिक्खूंचे नियमच.

आनंदाची गोष्ट तर आपल्या घरातली वाटेल. उदेन राजाच्या राण्यांनी त्याला पाचशे वस्त्रं दिली. राजा म्हणाला, एवढ्यांचं करणार काय? ज्यांची चीवरं फाटली त्यांना देऊ. मग जुन्यांचं? अंथरायला घेऊ. तीही विरली तर? पायपुसणी करू, मग पुसायची फडकी. आणि शेवटी चिंध्या कुटून मातीत कालवू, जमीन सारवू. जुन्या लुगड्याची गोधडी शिवणाऱ्या बाईला यात नवीन ते काय!

ही बुद्धांची शिकवण सोप्या मराठीत आणली धर्मानंद कोसंबींनी. माणूस गोव्याचा, पाली शिकायला श्रीलंकेपर्यंत गेलेला. शेवटचे दिवस मात्र आपल्या सेवाग्राम आश्रमात काढले. अन्न सोडून 4 जून 1947 रोजी त्यांनी देह ठेवला. जाळा की पुरा, ज्यात खर्च कमी ते करा, एवढंच त्यांचं सांगणं होतं.

आता आपल्या धुऱ्याचं बोलू. पहिल्या पावसानंतर धुऱ्यावर तरोटा यायचा, कोवळ्या पानांची भाजी फुकट मिळायची. आता तणनाशकानं धुरा पिवळा पडतो. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. वर्षावासाचे महिने आणि फवारणीचे महिने एकच आहेत. निंदायला बाई मिळत नाही, मजुरी परवडत नाही, हे खरंच आहे. सगळं शेत विळ्यानं साफ करा असं मी म्हणत नाही. पण धुरा किती लांब असतो? गटातल्या दहा जणी मिळून एकीचा धुरा एका सकाळी कापू शकतात का, हे येत्या बैठकीत हिशेब घालून बघा.