बडतर्फीचा शिक्का आणि फेरविचाराचा अर्ज

तळेगाव (श्यामजी पंत) व भोवतालच्या खेड्यांतील ज्या ज्ञातिबांधवांनी सैन्यात चाकरी केली, त्यांची नामावली छापण्याचे आपल्या मंडळाने ठरविले, ही गोष्ट समाजास भूषणावह होय. मात्र नावे गोळा होऊ लागली तेव्हा कार्यकारिणीपुढे एक नाजूक प्रश्न उभा राहिला. एका बांधवाची सैन्यातील सेवा गैरवर्तनाच्या कारणावरून संपुष्टात आलेली आहे. त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून त्याने अर्ज लिहिला असून मंडळाचे शिफारसपत्र मागितले आहे. काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे पडले की, बडतर्फ झालेल्या माणसाचे नाव नामावलीत घालणे म्हणजे बाकीच्या नावांस उणेपणा आणणे होय. कार्यकारिणीने तो अर्ज व सोबतचे कागद आमच्याकडे अभिप्रायार्थ पाठविले. त्या बांधवाच्या संमतीने, परंतु त्याचे नाव व पलटण न सांगता, आम्ही तो अभिप्राय येथे मांडीत आहोत. प्रश्न एका घराचा दिसला तरी त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. म्हणून प्रथम इतिहास सांगून मग प्रस्तुत अर्जाकडे वळू.

शिक्षा झाली म्हणजे तिचा पुन्हा विचार होऊच नये, ही समजूत निदान आपल्या भागाने तरी बाळगू नये. आपल्या शेजारच्या आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ रोजी काय घडले ते येथल्या लहान मुलासही ठाऊक आहे. पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंच्या माणसांचे प्राण गेले. चिमूर येथेही त्याच दिवशी तसेच घडले. पुढे खटले चालले आणि अनेकांस फाशीची शिक्षा झाली. परंतु शिक्षा ठोठावली गेली म्हणून लोक हात जोडून बसले नाहीत. नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी या कैद्यांसाठी अपार खटपट केली. अर्जामागून अर्ज गेले, आणि अखेर १९४५ साली फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत उतरल्या. पुढे ती माणसे सुटून आपापल्या घरी आली. ज्यांस सरकारने गुन्हेगार म्हटले, त्यांच्या नावाने आज आपण माथा लववितो.

सैनिकांच्या बाबतीतही असे उदाहरण आहे. आझाद हिंद सेनेतील शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल व गुरुबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावर लाल किल्ल्यात लष्करी न्यायालयापुढे खटला चालला. त्यांस जन्मठेप, सैन्यातून हकालपट्टी आणि थकलेल्या वेतनाची जप्ती अशी शिक्षा झाली. जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिनलेक यांनी जन्मठेप माफ केली. हकालपट्टी व वेतनजप्ती मात्र कायम ठेवली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, लोकक्षोभापुढे तुरुंगाची शिक्षा गेली, परंतु कागदावरील शिक्का राहिला. त्या सेनेतील इतर कित्येक सैनिकही बडतर्फ झाले होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली नेहरूंच्या सरकारने त्यांच्या बडतर्फीचे हुकूम बदलून ती साधी सेवामुक्ती धरावी असे ठरविले. सैन्यात त्यांस परत घेतले नाही, परंतु बडतर्फीचा कलंक काढून टाकला. आपल्या महाराष्ट्राचे, सावंतवाडीकडील जगन्नाथराव भोसले हे याच सेनेतील मोठे अधिकारी. ते १९५२ नंतर केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले, आणि शाळकरी मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना त्यांनीच १९५४ साली सुरू केली. एके काळी ज्या सेनेवर लष्करी शिस्त मोडल्याचा आरोप झाला, तिच्यातील अधिकाऱ्याने देशाच्या मुलांस शिस्तीचे धडे दिले!

नौदलातील खलाशांच्या वाट्यास मात्र इतके लवकर भाग्य आले नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या ‘तलवार’ या नाविक तळावर निकृष्ट अन्न व अधिकाऱ्याची अपमानकारक भाषा यांमुळे खलाशांनी काम बंद केले. पाहता पाहता ७८ जहाजे, किनाऱ्यावरील २० तळ व सुमारे २०,००० खलाशी त्यात सामील झाले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यांच्यासाठी हरताळ पाळला, आणि रस्त्यांवरील गोळीबारात दोनशेंहून अधिक माणसे मेली. सरदार पटेल यांच्या सल्ल्यावरून २३ फेब्रुवारीस खलाशांनी शस्त्रे खाली ठेवली. कोणाचा सूड घेतला जाणार नाही असे आश्वासन त्यांस मिळाले होते. तरीही शेकडो खलाशी नोकरीवरून गेले. स्वराज्य आल्यावरही भारताने वा पाकिस्तानने त्यांस परत घेतले नाही. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाची केंद्रीय योजना १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि नाविकांच्या या उठावासही त्या योजनेत स्थान मिळाले. मध्यंतरी पाव शतक उलटले होते. ज्या आईबापांनी मुलाची वाट पाहिली, त्यांतील कितीजण तोवर हयात राहिले असतील?

परदेशांतही असेच आढळते. पहिल्या महायुद्धात पळपुटेपणा वगैरे आरोपांवरून ज्यांस गोळ्या घालण्यात आल्या, अशा ३०६ सैनिकांस ब्रिटनने २००६ सालच्या कायद्याने क्षमा केली. अमेरिकेत तर सैनिकाच्या सेवामुक्तीची प्रत बदलून मागण्यासाठी स्वतंत्र मंडळेच आहेत, आणि पंधरा वर्षांच्या आत त्यांच्याकडे अर्ज करता येतो.

आता कोणी म्हणेल, ही सारी देशकार्यातील किंवा महायुद्धातील माणसे. रजेवरून उशिरा परतणाऱ्या शिपायाशी त्यांची तुलना कशी करावी? आक्षेप रास्त आहे, आणि आम्हीही ती तुलना करीत नाही. या इतिहासावरून आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, सैन्याच्या दाखल्यावरील शेरा हा निर्णय असतो, आणि निर्णयाचा फेरविचार होऊ शकतो. सामान्य शिपायासाठी त्याचा मार्ग कोणता, हे आता पाहू.

सैन्याचा कायदा १९५० सालचा आहे व त्याखालील नियम १९५४ चे. त्यांत बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे आणि सेवामुक्ती अशा तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपण गावात तिन्हींस सरसकट ‘बडतर्फ’ म्हणतो, आणि तेथेच अन्याय होतो. बडतर्फीने मागील सर्व सेवेचे निवृत्तिवेतन बुडते. केवळ अपवाद म्हणून राष्ट्रपतींस ते देण्याचा अधिकार आहे. सेवामुक्तीने तसे आपोआप होत नाही. मात्र शिपायास निवृत्तिवेतनासाठी साधारणतः पंधरा वर्षे सेवा भरावी लागते, व त्याआधी घरी आलेल्या मनुष्यास ते सहसा मिळत नाही. याच कायद्याच्या २३ व्या कलमात एक मोलाची तरतूद आहे. सेवा कोणत्याही प्रकारे संपली तरी शिपायास त्याच्या मातृभाषेत व इंग्रजीत दाखला दिला पाहिजे, आणि त्यात कोणी सेवा संपविली, का संपविली व एकूण सेवा किती झाली, हे लिहिलेले असले पाहिजे.

तक्रार प्रथम सैन्यातील वरिष्ठांकडे करावयाची. लष्करी न्यायालयाची शिक्षा असेल तर केंद्र सरकारपर्यंतही अर्ज करता येतो. तेथे दाद न लागल्यास २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. त्याचे एक पीठ मुंबईस आहे. अंतिम हुकूम झाल्यापासून सहा महिन्यांत तेथे जावे लागते. उशीर झाल्यास त्याचे सबळ कारण पटवून द्यावे लागते.

शिपायाच्या कागदावर शिक्षेच्या ज्या नोंदी लाल शाईने होतात, त्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने वीरेंद्रकुमार दुबे यांच्या प्रकरणात ऑक्टोबर २०१५ मध्ये महत्त्वाचा निवाडा दिला. चार लाल नोंदी झाल्या एवढ्यावरूनच शिपायास यंत्रवत् घरी पाठविता येत नाही. आधी प्राथमिक चौकशी झाली पाहिजे, आणि त्याने किती वर्षे, कोणत्या खडतर ठिकाणी सेवा केली याचाही विचार झाला पाहिजे, असा त्याचा आशय आहे. निवृत्तिवेतनास पात्र होईपर्यंत तो शिपाई सेवेत होता असे न्यायालयाने धरले. मधल्या काळाचे वेतन मात्र दिले नाही.

आता प्रस्तुत अर्ज. आम्ही या बांधवाचा दाखला काळजीपूर्वक वाचला. त्यात बडतर्फी कोठेही नाही! त्यास सेवामुक्त केले आहे. सेवा अकरा वर्षांची आहे. कारणाच्या रकान्यात चार लाल नोंदींचा उल्लेख आहे. चारही नोंदी रजा संपल्यावर उशिरा हजर झाल्याच्या आहेत. चोरी, मारहाण वा आज्ञाभंग यांपैकी काही नाही. म्हणजे सैन्याने जी शिक्षा दिली नाही, ती आपण समाजाने इतकी वर्षे त्याच्या कुटुंबास देत आलो. त्याच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी ‘बाप बडतर्फ आहे’ हा शब्द दोनदा आडवा आला, हे आपल्यापैकी पुष्कळांस माहीत आहे.

परंतु अर्ज जसा लिहिला आहे तसा आम्ही मंजूर म्हणणार नाही. त्यात चार पाने तक्रार आहे आणि मुद्दे दोनच ओळींत आहेत. ‘आपण उशिरा हजर झालोच नाही’ असे त्यात सुचविले आहे. ते कागदांशी जुळत नाही, आणि असे एक विधान साऱ्या अर्जाचा विश्वास घालविते. आमची सूचना अशी की, उशीर झाला हे त्याने सरळ मान्य करावे. वडिलांच्या दुखण्याचे दवाखान्यातील कागद जोडावेत. बर्फाच्या प्रदेशातील दोन नेमणुका तारखांसह लिहाव्यात. प्राथमिक चौकशी झाली होती काय, हे नम्रपणे विचारावे, आणि अर्जास इतका विलंब का झाला तेही सांगावे. वर्धा येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन कागद दाखवावेत. यश येईलच असे आम्ही म्हणत नाही. अर्ज खरा व नीटनेटका असेल तर तो वाचला जाण्याची आशा अधिक असते. असा अर्ज तयार झाल्यास मंडळाने शिफारसपत्र अवश्य द्यावे. त्यात त्याच्या गावातील आजवरच्या वर्तनाविषयी जे खरे आहे तेवढेच लिहावे.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. त्यात आम्ही जो शब्द लिहीत असू, तो त्या मुलाबरोबर कोठे कोठे जाईल याचा विचार करूनच लेखणी टेकवावी लागे. नामावलीविषयीही आमचे मत तेच आहे. या बांधवाचे नाव घालावे. पुढे दाखल्याप्रमाणे सेवेची अकरा वर्षे लिहावीत. स्तुती नको आणि शेराही नको. इतरांची नावेही तशीच लिहिली जात आहेत. खरी अकरा वर्षे लिहिल्याने कोणाच्या वीस वर्षांस उणेपणा येत नाही.

शेवटी सर्व कुटुंबांस विनंती. ज्यांच्या घरी सैन्यातून परतलेला मनुष्य आहे वा होऊन गेला, त्यांनी त्याचा दाखला, पुस्तिका व हुकूम जपून ठेवावेत. लाजेने पेटीच्या तळाशी टाकू नयेत, आणि वाळवीस तर मुळीच देऊ नयेत. ज्यांस ते वाचता येत नसतील त्यांनी मंडळाकडे आणावेत. वाचून दाखविण्याचे काम आम्ही आनंदाने करू.