जिथे ऊस होता, तिथे आता रिफायनऱ्या : गुलामगिरी आणि तेल उद्योगाचा संबंध काय?

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात बॅटन रूज आणि न्यू ऑर्लिन्स या शहरांच्या मध्ये मिसिसिपी नदीकाठी सुमारे १३७ किलोमीटरचा एक पट्टा आहे. इथे १५० च्या आसपास रिफायनऱ्या आणि रसायनांचे कारखाने आहेत. तिथले रहिवासी या पट्ट्याला 'कॅन्सर ॲली', म्हणजे 'कॅन्सरची गल्ली' म्हणतात. उद्योगांना आणि राज्यातल्या अनेक अधिकाऱ्यांना हे नाव मान्य नाही.

दोनशे वर्षांपूर्वी याच काठावर उसाचे मळे होते आणि त्यात गुलाम राबत होते. १८६० च्या जनगणनेत लुईझियानात ३ लाख ३१ हजारांहून जास्त गुलामांची नोंद आहे. मग मळ्यांच्या जागी कारखानेच का आले? आणि हा इतिहास पुस्तकांत कसा उतरला?

'प्लँटेशन साहित्य' म्हणजे काय?

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवरच्या जीवनाबद्दलचं लेखन म्हणजे प्लँटेशन साहित्य. जॉन पेंडलटन केनेडी यांची 'स्वॅलो बार्न' (१८३२) ही या प्रकारातली सुरुवातीची कादंबरी मानली जाते. यात मालक दयाळू, गुलाम समाधानी आणि मळा म्हणजे एक मोठं कुटुंब असं चित्र असायचं.

१८५२ मध्ये हॅरिएट बीचर स्टोव यांची 'अंकल टॉम्स केबिन' आली आणि या चित्राला तडा गेला. तिला उत्तर म्हणून दक्षिणेतल्या लेखकांनी गुलामगिरीचं समर्थन करणाऱ्या कादंबऱ्या लिहिल्या. पुढे 'गॉन विथ द विंड' (१९३६) आणि १९३९ मधल्या तिच्यावरच्या सिनेमाने मळ्यांचं गोड चित्र जगभर नेलं.

राबणाऱ्यांनी काय लिहिलं?

सॉलोमन नॉर्थअप हे न्यूयॉर्क राज्यातले स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिक. १८४१ मध्ये त्यांना वॉशिंग्टनमधून पळवून लुईझियानात विकण्यात आलं. १८५३ मध्ये सुटका झाल्यावर त्याच वर्षी त्यांचं 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' प्रसिद्ध झालं. २०१३ चा ऑस्करविजेता सिनेमा याच पुस्तकावर आहे.

या पुस्तकात मळा एखाद्या कारखान्यासारखा दिसतो. वेचलेला कापूस रोज तोलला जाई आणि वजन कमी भरलं की फटके बसत. ऊसतोड कशी चाले, रसाची साखर कशी होई, हेही त्यांनी बारकाईने लिहिलंय. 'मळा म्हणजे कुटुंब' या कल्पनेला हे थेट उत्तर होतं.

गुलामगिरी संपली, जमिनीचं काय?

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. या लढ्याची दखल महाराष्ट्रातही घेतली गेली. महात्मा फुले यांनी १८७३ मधलं आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं.

पण मळ्यांची जमीन बहुतेक ठिकाणी जुन्या मालकांकडेच राहिली. मुक्त झालेल्या लोकांनी मळ्यांच्या कडेला मिळतील तेवढे लहान तुकडे घेतले आणि तिथे वस्त्या उभ्या केल्या.

मग तेल उद्योग इथेच का आला?

१९०१ मध्ये लुईझियानात जेनिंग्जजवळ तेल लागलं. १९०९ मध्ये स्टँडर्ड ऑइलने बॅटन रूजला रिफायनरी सुरू केली. या पट्ट्याची निवड होण्यामागे काही कारणं होती:

• नदी खोल आहे, समुद्रातली जहाजं थेट बॅटन रूजपर्यंत येतात.
• तेल, नैसर्गिक वायू आणि मीठ जवळच मिळतं.
• मळे नदीपासून आत जाणाऱ्या लांबलचक पट्ट्यांचे होते. एकाच मालकाशी व्यवहार केला की कंपनीला मोठी जमीन आणि नदीकाठ दोन्ही मिळत.
• १९३० च्या दशकापासून राज्याने उद्योगांना मालमत्ता करात मोठी सूट दिली.

कारखाना मळ्याच्या जागी आला आणि कडेची वस्ती त्याच्या कुंपणाला लागली. नॉर्को हे त्याचं एक उदाहरण. या गावाचं नावच 'न्यू ऑर्लिन्स रिफायनिंग कंपनी'च्या अद्याक्षरांवरून पडलंय. १८११ मधलं गुलामांचं मोठं बंड याच भागातून पुढे सरकलं होतं. नॉर्कोमधल्या डायमंड या कृष्णवर्णीय वस्तीने शेल कंपनीशी अनेक वर्षं लढा दिला. शेवटी २००२ मध्ये कंपनीने घरं विकत घेण्याची तयारी दाखवली. लोकांना वस्ती सोडता आली, पण पिढ्यांचा शेजार मोडला.

तेलावर साहित्य आहे का?

अप्टन सिंक्लेअर यांची 'ऑइल!' (१९२७) प्रसिद्ध आहे. पण १९९२ मध्ये अमिताव घोष यांनी एका लेखात विचारलं, की मसाल्यांच्या व्यापाराच्या तुलनेत तेलावर इतकं कमी साहित्य का? या साहित्यासाठी त्यांनी वापरलेला 'पेट्रोफिक्शन' हा शब्द आज अभ्यासात रुळलाय. उसाच्या मळ्यात राबणाऱ्यांची आत्मकथनं आहेत. रिफायनरीच्या कुंपणाशेजारी राहणाऱ्यांच्या कहाण्या मात्र बऱ्याचदा सुनावण्या आणि कोर्टाच्या कागदांत सापडतात.

आज काय स्थिती आहे?

१९९० च्या सुमारास फॉर्मोसा प्लास्टिक्स कंपनीने जुन्या व्हिटनी मळ्याची जागा कारखान्यासाठी घेतली होती. विरोधानंतर तो बेत बारगळला. २०१४ मध्ये तिथे गुलामांच्या बाजूने इतिहास सांगणारं संग्रहालय उघडलं.

नंतर त्याच समूहाने सेंट जेम्स परगण्यात ९.४ अब्ज डॉलरचा प्लास्टिक प्रकल्प आणायचं ठरवलं. त्याविरोधात लढणाऱ्या शेरॉन लव्हीन यांना २०२१ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. या जागेवर जुन्या मळ्यातलं दफनस्थान असल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. तिथे गुलामांना पुरलं असावं असं मानलं जातं.

२०२० मध्ये १९ जूनला, म्हणजे गुलामगिरी संपल्याच्या स्मरणदिनी, रहिवाशांना तिथे प्रार्थना करायची होती. जागा कंपनीची असल्याने त्यासाठीही त्यांना कोर्टाचा आदेश आणावा लागला.